पाठमोऱ्या वहिनीचा वाटा

आमच्या गल्लीत उलट्या डोक्याची माणसं भरपूर होती, उलट उत्तर देणारी तर घरटी एक होती. पण उलटं चालून पोट भरणारी बाई एकच. तिचं खरं नाव रेशनवाल्याला ठाऊक असेल. आम्ही सगळे तिला पाठमोरी वहिनी म्हणायचो.

घर दोर वळणाऱ्यांचं. हा धंदा ज्यांनी पाहिला नाही त्यांना वाटतं, दोर बसून वळतात. दोर चालून वळतात, आणि तेही मागे. कमरेला तागाचा पुंजका बांधायचा, त्यातले चार धागे चाकाच्या आकड्यात अडकवायचे, एकाने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने बोटांतून ताग सोडत सोडत मागे सरकत जायचं. माणूस जितका मागे जाईल तितका पेड लांब. असे तीन पेड एकत्र पिळले की झाला दोर. जमीन जिथे संपते तिथे दोर संपतो. म्हणून या धंद्याला जमीन लागते ती अजब आकाराची. रुंदीला एक खाट आडवी मावेल न मावेल, आणि लांबीला मात्र या टोकाने हाक मारली तर त्या टोकाला नुसता सूर पोचावा. गल्लीत त्या जमिनीला पट्टी म्हणत. पट्टीच्या एका टोकाला घर, चाक आणि चाकासमोरची खिडकी. दुसऱ्या टोकाला मोठा रस्ता, त्यावर दिवसभर ट्रक. रस्त्याने येणाऱ्या माणसाला पहिलं दर्शन व्हायचं ते हळूहळू आपल्याकडे येणाऱ्या एका पाठीचं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून तिने त्या पट्टीवर कधी मागे वळून पाहिलं नाही. कुठे दगड आहे, कुठे जमीन खचलीय, हे तिच्या टाचांना पाठ होतं.

खिडकीच्या आत बसायचे आप्पा, तिचे सासरे. मिशी पांढरी, पण पीळ पक्का. आप्पांच्या मते जगातल्या सगळ्या अडचणींचं मूळ एकच, ते म्हणजे पीळ कमी पडणं. सरकार नीट चालत नाही, पीळ कमी. जावई ऐकत नाही, पीळ कमी. चहा पांचट झाला तरी ते म्हणायचे, "सूनबाई, याला पीळ नाही."

त्यांना तीन मुलगे. थोरला म्हणजे वहिनीचा नवरा, हा दोराचा खरा कारागीर; पेड वहिनी सोडायची, पीळ तो द्यायचा. मधला चाक फिरवायचा. आयुष्यभर चाक फिरवून त्याचे विचारही एकाच जागी गरगरत, आणि समोरचा जे बोलेल त्याला तो "बरोबर आहे" म्हणायचा. धाकट्याने बाजारात नायलॉनच्या दोऱ्यांचं दुकान टाकलेलं, त्यामुळे घरात त्याची किंमत घर बाटवलेल्या माणसाइतकीच होती.

या नायलॉनवरूनच आप्पांचा आणि थोरल्याचा अबोला झाला. थोरला एकदा जेवताना म्हणाला, "आप्पा, गिऱ्हाईक नायलॉन मागतंय. आपणही मशीन घेऊ." आप्पा म्हणाले, "प्लास्टिकला पीळ नसतो, नुसता माज असतो." थोरला म्हणाला, "मग आपल्या घरात नायलॉन आधीपासूनच आहे म्हणायचं." त्या दिवशी दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. वर्षं गेली. एक घर, एक स्वयंपाकघर, मध्ये एक खिडकी आणि दोन तोंडं बंद.

बोलणं बंद झालं, भांडण मात्र नाही. ते वहिनीमार्फत चालू राहिलं. रोज दिवस मावळायला आला की वहिनी दिवसभरात वळलेला दोर आप्पांच्या हातात द्यायची. आप्पा तो बोटांनी चाचपायचे आणि निकाल सांगायचे.

"सांग तुझ्या नवऱ्याला, या दोराने शेळीसुद्धा बांधू नये. लाजेने मरेल बिचारी."

वहिनी बाहेर जायची, ओट्यावर हातपाय धुणाऱ्या नवऱ्याला ते जसंच्या तसं सांगायची, आणि परत यायची.

"मामंजी, ते म्हणतात, शेळीला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आणि दूध गार होतंय, घ्या."

एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. तिने कधी कुणाचं बोलणं गोड केलं नाही. धाकटी जाऊ तिला एकदा म्हणाली होती, "अहो, थोडं मऊ करून सांगावं माणसाने!" वहिनी म्हणाली, "मी मऊ केलं तर त्यांना खरं कसं कळेल?" आणि गंमत अशी की असं खरपूस उत्तर आलं की आप्पा दोन घास जास्त जेवायचे. उत्तर बेताचं आलं तर विचारायचे, "बरं नाही की काय त्याला?"

पुढे आप्पांना झटका आला. डावं अंग गेलं. उजवा हात, कान आणि जीभ शाबूत राहिली. म्हणजे त्यांच्या हिशेबाने काहीच गेलं नाही. खाट खिडकीला लावली; पडल्या पडल्या चाकाजवळून मागे जाणारी वहिनी तेवढी दिसे, ओटा आणि बाकीची पट्टी दिसत नसे. डॉक्टर जाताना मधल्याला बाजूला घेऊन म्हणाले, "आता एखादा धक्का बसला तर संपलं. जपा."

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी थोरला गेला. खाणीवर दोर पोचवायला ट्रकमधून गेला होता. ट्रकच्या मागच्या भागात दोराच्या वेटोळ्यांवर बसला होता. वळणावर वेटोळं घसरलं, त्याच्याबरोबर तोही. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा तो गेलेलाच होता.

दवाखान्याच्या आवारात दोघे भाऊ, वहिनी आणि गल्लीतली आम्ही काही माणसं उभी होतो. घरी न्यायचं की नाही, हा प्रश्न. मधला रडत रडत म्हणाला, "घरी नेलं तर आप्पा आजच जातील. दोघांना एकदम कसं न्यायचं?" धाकटा म्हणाला, "त्यांना सांगायचंच नाही." मधला म्हणाला, "बरोबर आहे." मग सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. ती थोरल्याच्या चपलांवरची धूळ पदराने पुसत होती. म्हणाली, "मामंजी आणि ते बोलत कुठे होते? कळणार नाही त्यांना."

थोरल्याला तिथूनच स्मशानात पोचवलं. परत येताना मधला तिला म्हणाला, "वहिनी, तुमचा वाटा कुठे जात नाही. मी आहे." हे मी कानांनी ऐकलं. त्या वेळी त्याला तसंच वाटत होतं, यात मला शंका नाही. मधल्याला नेहमीच तसंच वाटायचं. अडचण एवढीच की दुसऱ्या दिवशी दुसरं कुणीतरी बोलायचं आणि तेही बरोबर असायचं.

मग गल्लीने एक मेलेला माणूस जिवंत ठेवायला घेतला. आमच्या गल्लीत साधा नळ दुरुस्त करायला चार माणसं एकत्र येत नाहीत. पण या कामात एकजात सगळे. धाकटा रोज थोरल्याच्या चपला दारात कधी या बाजूला, कधी त्या बाजूला ठेवायचा, एकदा तर नवा अंगठा बसवून आणला. वाणी खिडकीखालून जाताना ओरडायचा, "अहो थोरले, उधारी विसरू नका!" मधल्याने पहिल्या दिवशी चाकावरून हाक दिली, "दादा, जरा थांब, आकडा निसटला!" हाक इतकी झकास जमली की हाक संपताच तो चाकावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागला, आणि आतून आप्पा खेकसले, "आकडा निसटला म्हणून रडतोस काय रे गाढवा?"

वहिनीने कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही. दोर आता एकटी वहिनी वळायची. तिचा हात मऊ, थोरल्याचा पीळ घट्ट; आप्पांच्या बोटांना फरक कळणार. म्हणून ती ताग ओढून ओढून धरायची. दोन्ही अंगठे फाटले, त्यावर चिंध्या. खिडकीजवळ असेपर्यंत चेहरा नेहमीचा. मागे जाता जाता, खिडकी लहान होत होत दिसेनाशी झाली की पट्टीच्या त्या टोकाला, ट्रकच्या आवाजात, ती रडायची. तागाची ओढ ढिली पडू न देता रडायची. हात थांबले तर पेड तुटतो. मग पेड बांधून, तोंड पुसून, पुढे पाहत चालत घरी. घरात रडायला तिला जागाच नव्हती. पट्टीचं ते टोक तेवढं होतं.

दिवस मावळायच्या सुमाराला मात्र खरी परीक्षा. पहिल्याच दिवशी आप्पांनी दोर चाचपला आणि म्हणाले, "सांग त्याला, वाईट नाही. म्हणजे चांगला आहे असं समजू नकोस म्हणावं."

वहिनी ओट्यावर गेली. उत्तर यायला लागतो तेवढा वेळ उभी राहिली. थोरला काय म्हणाला असता हे तिला अक्षरन् अक्षर ठाऊक होतं. त्याच्या शिव्या तिच्याइतक्या कुणी पोचवल्या नव्हत्या. ती आत आली, तोंड उघडलं, आणि मेलेल्या माणसाच्या तोंडून म्हाताऱ्या बापाला टोमणा मारायला तिची जीभ वळेना.

"ते म्हणतात, ठीक आहे."

आप्पांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, "ते विचारतात, औषध घेतलं का." पुढे, "ते म्हणतात, उशी उंच करून द्यायची का." थोरला दिवसेंदिवस गुणी होत चालला. जिवंतपणी ज्याने बापाला कधी पाणी विचारलं नाही, तो आता रोज तब्येतीची चौकशी करायचा. आणि एक दिवस वहिनीला काय वाटलं कोण जाणे, तिने सांगून टाकलं, "ते म्हणतात, मशीनचं जाऊ द्या. तुमचंच बरोबर होतं."

आप्पांनी तोंड भिंतीकडे केलं. वहिनीला वाटलं, म्हातारा सुखावला. तिने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. बापलेकांचा समेट घडवला होता तिने, फक्त लेक नव्हता.

त्यानंतर आप्पांनी वकील बोलावला. पट्टीचे तुकडे होऊ नयेत, ही एकच काळजी. पट्टी आडवी तोडली तर दोर आखूड, उभी तोडली तर माणूस वळेल कुठे? वकील परगावचा, घाम पुसणारा, आमच्या नाटकाची त्याला काही कल्पना नव्हती. त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं. "सदर जमिनीचे तुकडे न करता, माझ्या पश्चात जे मुलगे हयात असतील त्यांना ती समान हक्काने मिळावी."

वहिनी आप्पांच्या पाठीमागे उशी धरून उभी होती. मधला जमिनीकडे बघत होता. धाकटा खिडकीबाहेर. जे मुलगे हयात असतील. तिला लिहितावाचता बेताचं येत असलं तरी मराठी समजत होतं. त्या खोलीत तिने एक वाक्य उच्चारलं असतं तर तिचा वाटा तिला मिळाला असता, आणि कदाचित आप्पा तिथेच गेले असते.

आप्पा म्हणाले, "ठीक लिहिलंय. तिघांना." मग मान वळवून, "सूनबाई, थोरल्याला विचार. कबूल आहे का म्हणावं."

वकील म्हणाला, "त्यांनाच बोलवा ना आत."

"आमचं बोलणं नाही," आप्पा म्हणाले. "ती विचारून येईल."

वहिनी बाहेर गेली. ओट्यावर कुणी नव्हतं. चपला होत्या. ती आत आली आणि म्हणाली, "कबूल आहे म्हणतात."

आप्पांनी उजव्या हाताचा अंगठा उठवला.

पुढे काही आठवड्यांतच आप्पा झोपेत गेले, कुठलाही धक्का न बसता. डॉक्टरांनी मधल्याची पाठ थोपटली. आणि वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा घरात रडली. बाहेरगावहून आलेले पाहुणे म्हणाले, सासऱ्यासाठी एवढं रडणारी सून पाहिली नाही. आम्ही गल्लीवाले माना खाली घालून उभे होतो. तिला दोघांचं एकदमच रडायचं होतं, आणि एक रडं फार शिळं झालं होतं.

वर्ष सरलं नसेल, मोठ्या रस्त्यावर गोदाम बांधणारा एक माणूस आला. त्याला पट्टी हवी होती, शेजारची जागाही त्याने घेतली होती. धाकट्याचे डोळे चमकले. मधला म्हणाला, "बरोबर आहे." एका दुपारी दोघे वहिनीपुढे येऊन बसले.

मधला म्हणाला, "वहिनी, तुम्ही आम्हाला आईसारख्या."

आमच्याकडे कुणी 'आईसारख्या' म्हणालं की समजावं, पाठोपाठ सही करायचा कागद येणार.

"काय लिहिलंय?" वहिनीने विचारलं.

"काही नाही हो. जमिनीवर तुमचा हक्क नाही एवढंच. नुसती औपचारिकता."

"हक्क नाही, ही औपचारिकता?"

धाकटा पुढे सरसावला. "वहिनी, मृत्युपत्रात काय आहे? जे हयात असतील ते. दादा आप्पांच्या आधी गेला. त्याला मिळालंच नाही, तर तुम्हाला कुठून मिळणार? आम्ही का लिहिलं ते? आप्पांनी लिहिलं. आणि खोली तुमचीच आहे, कुणी बाहेर काढतंय का?"

"मामंजी तिघांना म्हणाले होते. तुम्ही दोघंही तिथेच होता."

"ते म्हणाले कारण त्यांना वाटत होतं की दादा जिवंत आहे."

"असं त्यांना कुणी वाटायला लावलं, भाऊजी?"

मधला म्हणाला, "बरोबर आहे." धाकट्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला उठला. सही मात्र वहिनीने केली नाही. ती म्हणाली, "खोली घेऊन मी काय करू? खोलीत दोर वळतात का?"

प्रकरण कोर्टात गेलं. वहिनीची वकील तरुण पोरगी होती, हुशार, भराभर बोलणारी. तिचं म्हणणं सरळ होतं. आप्पांनी मृत्युपत्र केलं ते थोरला जिवंत आहे असं समजून केलं. घरच्यांनी त्यांना फसवलं, भल्यासाठी असेल, पण फसवलं. असं गैरसमजातून झालेलं मृत्युपत्र टिकू नये. ते गेलं की जमीन नेहमीच्या वारसाहक्काने वाटली जाणार, आणि त्यात गेलेल्या मुलाचा वाटा त्याच्या बायकोला. म्हणजे सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता. आप्पांना थोरला गेल्याचं ठाऊक नव्हतं, हे पटवून द्यायचं. त्याला साक्षीदार गल्लीभर. चपलांबद्दल, हाकांबद्दल, उधारीबद्दल सांगायला वाणी तर आंघोळ करून तयारच होता.

आणि मग आमच्या न्हाव्याला वाटलं, आपणही वहिनीसाठी काहीतरी करावं.

आमचा न्हावी हा माणूस फार चांगला आणि फार बोलका. दाढी करताना तो एवढा बोलायचा की गिऱ्हाइकाला हनुवटी हलवून हो म्हणायचीही सोय नसे. आप्पांची दाढी करायला तो घरी जायचा. तो वहिनीच्या वकिलाकडे गेला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "ताई, आप्पांच्या मनात वहिनींना वाटा द्यायचा होता. मला स्वतः सांगितलंय त्यांनी. मला उभं करा." त्या पोरीला हर्ष झाला. कसं सांगितलं, केव्हा सांगितलं, हे विचारायचं राहूनच गेलं. न्हाव्यापुढे कुणाला विचारायला सवड मिळते?

कोर्टाची खोली लहान, पंखा कुरकुरणारा, बाकं कुणी तरी कोरून कोरून भोकं पाडलेली. न्हावी नवा शर्ट घालून उभा राहिला. म्हणाला, "साहेब, आप्पांचे शब्द जसेच्या तसे सांगतो. म्हणाले, सूनबाईचा वाटा पोरं तिला देतील, समजूतदार आहेत."

बाकावर कुजबूज झाली. वहिनीच्या वकिलाचा चेहरा उजळला. मधल्याने मान खाली घातली.

मग भावांचा वकील उठला. जाड चष्मा, गोड आवाज. "सूनबाईचा वाटा? मुलाचा नाही म्हणाले? मुलगा तर त्यांच्या मते जिवंत होता ना?"

"छे हो!" न्हावी म्हणाला. "जिवंत कुठला! त्यांना सगळं ठाऊक होतं."

चष्मेवाला वकील एक पाऊल पुढे आला.

"काय ठाऊक होतं?"

"थोरला गेला ते. साहेब, एक दिवस साबण लावत होतो, तर आप्पा मला म्हणाले, 'अरे, माझा थोरला मेला रे.' माझा ब्रश हातातून पडायचा राहिला. म्हटलं, कुणी सांगितलं? तर म्हणाले, 'कोण सांगणार? तो जिवंत असता तर माझ्याशी एवढं गोड बोलला असता का? औषध घेतलं का विचारतो! ही पोरगी त्याच्या तोंडी घालते सगळं. अंगठे बघितलेस तिचे? त्याच्यासारखा पीळ द्यायला बघते. तिला कळू देऊ नकोस मला कळलंय ते. एवढी धडपडतेय त्याला जिवंत ठेवायला.' मी म्हटलं, आप्पा, मग तिच्या नावावर काहीतरी करा. तर म्हणाले, 'तिच्या नावावर करायचं म्हणजे तिला सांगणं आलं. ते माझ्याच्याने व्हायचं नाही. पोरं देतील.' शपथ घातली होती त्यांनी, म्हणून इतके दिवस तोंड मिटून होतो."

"हे मृत्युपत्राच्या आधी की नंतर?"

"आधी! चांगलं आधी!" न्हावी अभिमानाने म्हणाला. "माझ्या स्मरणशक्तीला तोड नाही, साहेब."

"म्हणजे मृत्युपत्र करताना थोरला मुलगा हयात नाही हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं."

"पक्कं!"

चष्मेवाला वकील खाली बसला. त्याला आणखी काही विचारायचंच नव्हतं. गैरसमज नाही, फसवणूक नाही; म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं आणि तरीही त्याने तेच शब्द ठेवले. न्हावी अजून उभाच होता, हसऱ्या चेहऱ्याने वहिनीकडे पाहत, शाबासकीची वाट बघत. तिची वकील कागदांकडे बघत बसली होती. बेलिफाने दंड धरून त्याला खाली उतरवलं.

निकाल लागला तो तसाच लागला. पोरं देतील ही म्हाताऱ्याची इच्छा होती, असं न्यायाधीशांनी लिहिलं, पण ती कागदावर नाही.

बाहेरच्या बोळात न्हावी भिंतीला टेकून उभा होता. तोपर्यंत कुणीतरी त्याला समजावलं होतं. चेहरा पांढरा फटक. वहिनी त्याच्याजवळ गेली. आम्हाला वाटलं, आता याचं काही खरं नाही.

"दादा," ती म्हणाली, "मामंजी खरंच तसं म्हणाले? जिवंत असता तर गोड बोलला नसता?"

"हो, वहिनी."

ती हसली. आधी नुसती ओठात, मग तोंडावर पदर घेऊन, मग भिंतीचा आधार घेऊन. थोरला गेल्यापासून तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. बोळातली माणसं बघायला लागली. "मी शिव्या द्यायला हव्या होत्या," ती म्हणाली, "त्यांना उत्तर कधी गोड लागतच नव्हतं. जशाच्या तशा द्यायला हव्या होत्या." आणि हसू थांबलं तेव्हा तिने विचारलं, "मग ओट्यावर कुणी नाही हे त्यांना ठाऊक होतं? 'थोरल्याला विचार' म्हणाले तेव्हासुद्धा?"

न्हाव्याने होकारार्थी मान हलवली.

भावांनी आप्पांचा शब्द पाळला. पट्टीचे तुकडे केले नाहीत. अख्खी विकली. चाक, आकडे आणि उरलेला ताग मधल्याने वहिनीच्या खोलीत आणून ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, माझं चुकलं." धाकटा बाहेरून म्हणाला, "आपलं काही चुकलेलं नाही." मधल्याने दोघांनाही बरोबर म्हटलं असतं, पण त्या दिवशी चाकाला एक गिरकी देऊन तो निघून गेला. आता तो धाकट्याच्या दुकानात नायलॉन मोजून देतो. गोदामाची भिंत आप्पांच्या खिडकीपासून हातभर अंतरावर आली. खिडकी उघडली की विटा.

वहिनी आता गल्लीत दोर वळते. तिच्या दारापासून न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीपर्यंत, तेवढीच काय ती मोकळी जागा. ती मागे चालली की चाक आपोआप फिरेल असं तिने करून घेतलंय. पट्टा चाकाला, दोरी कमरेला, असलं काहीतरी. सायकलवाले घंटी वाजवतात, पोरं पेडाखालून वाकून पळतात. तिची पाठ न्हाव्याच्या दुकानाकडे येत राहते. न्हावी दाढी अर्धी सोडून दारात येतो.

"वहिनी, मागे स्कूटर."

ती थांबते. स्कूटर जाते. ती पुन्हा मागे निघते. टाच पायरीला लागली की पेड संपला. न्हावी दुकानात परत जातो, आणि गिऱ्हाईक तक्रार करतं की हल्ली तुझ्याकडे दाढी करायला मजा येत नाही, तू बोलतच नाहीस.

रडायला आता तिला टोकच उरलेलं नाही. गल्ली आखूड आहे; या टोकाचं त्या टोकाला सगळं ऐकू येतं.

परवा शेजारगावचा एक विहिरीवाला तिला शोधत आला. आप्पांच्या वेळचं गिऱ्हाईक. म्हणाला, "वहिनी, विहिरीत उतरायचंय, लांब दोर हवा. नायलॉन हाताला सटकतो."

"एवढा लांब आता होत नाही."

"मग दोन जोडून द्या."

"जोडलेला दोर मी विहिरीला देत नाही," ती म्हणाली. "जोड सुटला तर माणूस जातो."

तो थोडा वेळ घुटमळला. मग त्याने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, त्याच्या लक्षात आलं, आणि तो निघून गेला. वहिनीने कमरेला तागाचा पुंजका बांधला, धागे आकड्यात अडकवले आणि मागे निघाली. थोडीशीच पावलं गेली असतील, टाच पायरीला लागली.